वाचकांचे प्रश्न : झाडाला टांगायचे मचाण आणि परवडणारी जागल

तुरीला शेंगा धरू लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. फवारणीचे प्रश्न मागे पडतात आणि जागलीचे, म्हणजे रात्री जागून पीक राखण्याचे, प्रश्न पुढे येतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकाच वस्तूची चौकशी आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील हरणांचे शिकारी वापरतात ते, झाडाच्या खोडाला पट्ट्याने अडकवायचे लोखंडी मचाण. तिकडे त्याला ‘हँग-ऑन स्टँड’ म्हणतात; येथे सोयीसाठी मी त्याला टांगते मचाण म्हणतो. पत्रे थोडी संक्षिप्त करून, परंतु प्रश्नांचा आशय न बदलता, खाली दिली आहेत.

प्रश्न : आमचे सहा एकर वावर ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून आहे. तुरीत आणि हरभऱ्यात रात्री चितळांचे कळप आणि रानडुकरे येतात. रोही (नीलगायी) तर दिवसाही उभे असतात. वडिलांच्या काळातील चार खांबांचे मचाण यंदाच्या पावसात कलले. माझ्या पुतण्याने मोबाइलवर अमेरिकेतील टांगते मचाण पाहिले असून तेच घ्यावे असा त्याचा आग्रह आहे. जागलीसाठी ते चालेल काय, आणि कमी खर्चात कोणते घ्यावे?
— एक शेतकरी, भद्रावती तालुका, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : आपल्या पुतण्याने पाहिलेले साधन कोणत्या कामासाठी जन्माला आले, हे आधी पाहू, कारण पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही याचा उलगडा त्यातूनच होतो.

टांगत्या मचाणाचे भाग मोजकेच असतात. पाय ठेवण्यासाठी साधारण दोन फूट रुंद आणि अडीच फूट लांब जाळीदार फळी, बसण्यासाठी छोटी बैठक, या दोन्हींना जोडणारा उभा दांडा, फळीची पुढची दोन टोके तोलून धरणाऱ्या तारा किंवा साखळ्या, आणि सगळा सांगाडा खोडाला आवळणारा एक किंवा दोन पट्टे. उभ्या दांड्याच्या आणि फळीच्या मागच्या टोकाला दातेरी कडा असते. पट्टा आवळून फळी खाली दाबली की ती कडा सालीत रुतते आणि माणसाच्या वजनानेच पकड घट्ट होते. तेथील शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ते सामान्यतः पंधरा ते वीस फुटांवर लावतात. इतकी उंची लागते, कारण हरणाला माणूस दिसू नये आणि त्याचा वास वरच्या वर निघून जावा. त्याच कारणासाठी त्याला झाडासारखा ठिपकेदार रंग दिलेला असतो, सांध्यांचा आवाज होऊ नये म्हणून नायलॉनच्या चकत्या घातलेल्या असतात, आणि पाठीवर बांधून दूरच्या रानात नेता यावे म्हणून महागड्या प्रकारांत ॲल्युमिनियम वापरलेले असते.

आता आपली जागल आठवून पाहा. जागल्या लपून बसत नाही. त्याने दिसावे, त्याचे ऐकू यावे, त्याच्या विजेरीचा झोत धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, पोहोचावा, डबा वाजला की चितळांनी कान टवकारून मागे फिरावे, यासाठीच तो रात्र काढतो. म्हणजे लपण्यासाठी केलेले साधन आपण दिसण्याच्या कामासाठी विकत घेत आहोत, आणि त्याच्या किमतीतील मोठा वाटा आपल्याला नको असलेल्या गुणांचा आहे. रंगाचे, शांततेचे आणि हलकेपणाचे पैसे आपण देऊ नयेत. उंचीही तितकी नको. उभी तूर पाच ते सात फूट वाढते, तेव्हा आठ ते दहा फुटांवर फळी असली तरी डोळ्यांची पातळी पिकाच्या बरीच वर राहते आणि सारे वावर नजरेत येते. उंची निम्म्याने कमी झाली की शिडी स्वस्त होते, चढणे सोपे होते आणि पडण्याची इजाही कमी होते.

मात्र एक अडचण अशी आहे की तिच्यावर रंगाचा किंवा किमतीचा तोडगा नाही. टांगते मचाण एका माणसाचे असते. त्यावर बहुधा तीनशे पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, अशी क्षमता लिहिलेली असते. या आकड्यात माणसाबरोबर त्याचे घोंगडे, पाणी आणि विजेरीही धरायची असते. आपल्याकडे, विशेषतः बफरच्या गावांत, जागलीला एकट्याने जाऊ नये. आपल्या घरून दोघे जात असतील तर टांगते मचाण घेऊच नका. त्याच पैशात चार खांबांचे मचाण नव्याने, नीट बांधा. त्याची पद्धत याच अंकात पुढे दर्यापूरच्या वाचकांना सांगितली आहे. शेजारच्या वावरातही जागल असेल, हाकेच्या अंतरावर माणूस असेल आणि धुऱ्यावर योग्य झाड असेल, तरच एकट्याच्या टांगत्या मचाणाचा विचार करावा.

आपल्या भागात वाघ आहे, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. आठ-दहा फुटांच्या उंचीला वाघापासूनचे संरक्षण समजू नये, आणि बिबट्या तर झाडावर सहज चढतो. त्याहून मोठा धोका मचाणावर नसून मचाणाच्या वाटेवर असतो. दिवस मावळण्याआधी वर चढून बसावे, उजाडल्यावरच खाली उतरावे, आणि मधल्या काळात डुकरे हाकलण्यासाठी उभ्या पिकात शिरू नये. गावाजवळ वाघाचा वावर वाढल्याची सूचना वनरक्षकाने दिली असेल, तर त्या रात्रीची जागल सोडून द्यावी. अशा शेतासाठी मचाणापेक्षा सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते अधिक योग्य आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधील गावांना सौर कुंपणासाठी साहाय्य मिळते. आपल्या गावाच्या समितीकडे त्याची चौकशी करावी. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन प्रवाह तोडते. घरातील विजेची तार थेट कुंपणाला जोडणे ही वेगळी आणि भयंकर गोष्ट आहे. त्याने जनावरे मरतात, तशीच अंधारात वावरात आलेली घरची माणसेही मरतात.

प्रश्न : ऑनलाइन दाखवलेल्या मचाणाची किंमत आम्हाला झेपत नाही. गावातील वेल्डिंगवाला चित्र पाहून तसेच बनवून देतो म्हणतो. माल कोणता वापरावा, आणि त्याने सांगितलेली किंमत वाजवी आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम होण्यासारखे आहे आणि मला तोच मार्ग पसंत आहे, कारण बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस जवळ असतो. किंमत पारखण्यासाठी नगाचा भाव न विचारता लोखंडाचे वजन विचारावे.

पंचवीस मिलिमीटर चौकोनी आणि दोन मिलिमीटर जाडीच्या नळीचे वजन मीटरला सुमारे १.४ किलो भरते. फळीची चौकट, तिच्यातील चार आडव्या पट्ट्या, बैठक आणि तीन फुटांचा उभा दांडा असा सगळा हिशेब केला तर पंचवीस फुटांच्या आसपास नळी लागते, म्हणजे वजन साधारण अकरा किलो होते. त्या दिवसाचा लोखंडाचा भाव, साखळी व नटबोल्ट, मजुरी आणि रंग एवढेच त्यात मिळवायचे. चाळीस मिलिमीटरचा, पाच मिलिमीटर जाड अँगल वापरू असे कारागीर सुचवील. तो मीटरला तीन किलो, म्हणजे दुपटीहून जड आहे. त्याने मजबुती वाढते हे खरे, पण ते ओझे शिडीवर उभे राहून वर चढवताना तोल जाण्याची भीतीही वाढते. नळी पुरेशी आहे. फक्त दीड मिलिमीटरहून पातळ नळी स्वीकारू नका; पातळ नळीला वेल्डिंग करताना भोक पडते आणि कारागीर ते वरून भरून टाकतो, ते डोळ्यांना दिसत नाही.

तीन गोष्टी त्याच्याकडून आवर्जून करून घ्याव्यात. नळीची उघडी टोके पत्र्याने बंद करावीत, नाहीतर पावसाचे पाणी आत साचून नळी आतून गंजते. फळीची पुढची टोके तोलण्यासाठी तारदोर न वापरता साखळी वापरावी. प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार आत गंजली तरी बाहेरून नवी दिसते, साखळीची कडी मात्र रोज डोळ्यांना दिसते. आणि फळीच्या पुढच्या व बाजूच्या कडेला दोन इंच उंच पट्टी उभी करावी, म्हणजे अंधारात पाय कडेवरून घसरत नाही.

मचाण घरी आणल्यावर लगेच उंच चढवू नका. अंगणातील झाडाला ते जमिनीपासून दीड फुटावर बांधा आणि त्यावर बसणाऱ्याच्या व सामानाच्या वजनाच्या दुप्पट वजन ठेवा. ऐंशी किलोचा माणूस आणि वीस किलोचे सामान धरले तर दोनशे किलो, म्हणजे सिमेंटच्या चार पिशव्या किंवा तेवढ्याच वजनाची सोयाबीनची पोती. ती रात्रभर राहू द्यावीत आणि सकाळी प्रत्येक वेल्डिंगवरून बोट फिरवून केसासारखी चीर पडली आहे काय ते पाहावे. पोती फळीच्या मधोमध न ठेवता पुढच्या कडेकडे ठेवावीत, कारण माणूस उठून उभा राहतो तेव्हा भार तेथेच येतो. ही परीक्षा फुकट होते, आणि ती न देता चढवलेले मचाण कितीही महाग असले तरी मी त्यावर माझ्या घरचे माणूस बसू देणार नाही.

पट्ट्याविषयी वेगळे लिहितो, कारण हीच जागा चुकीच्या काटकसरीची आहे. ट्रकवरचा माल आवळण्यासाठी जो रॅचेट पट्टा मिळतो, तो चालतो. परंतु त्यावरील चिठ्ठी वाचून घ्यावी. चिठ्ठीवर पट्टा तुटण्याचे वजन आणि कामाचे वजन असे दोन आकडे असतात, आणि कामाचे वजन बहुधा तुटण्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असते. दुकानदार मोठा आकडा दाखवतो. आपण लहान आकडा पाहावा. चिठ्ठीच नसलेला पट्टा घेऊ नये. पट्टा पॉलिस्टरचा असावा. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोरीने मचाण बांधलेले मी पुष्कळदा पाहतो. ती दोरी उन्हात सर्वांत आधी कमकुवत होते, आणि आपल्याकडचे ऊन कसे असते ते वाचकांना सांगायला नको. एकाऐवजी दोन पट्टे बांधावेत आणि दोघांच्या जोडीला खोडाभोवती सैलसर साखळी कुलपाच्या कडीने अडकवून ठेवावी. पट्टे दोन्ही तुटले तरी साखळी मचाण धरून ठेवते, आणि वावरातून मचाण चोरीला जाण्याची काळजीही त्याच साखळीने कमी होते.

प्रश्न : आमच्या धुऱ्यावर एक जुना मोह, एक कडुनिंब आणि तीन-चार पळस आहेत. सर्वांत सरळ झाड म्हणजे साग, पण तो नाल्यापलीकडे वनविभागाच्या हद्दीत आहे. कोणते झाड निवडावे?
— एक वाचक, कुरखेडा तालुका, जिल्हा गडचिरोली

उत्तर : नाल्यापलीकडचा साग विचारातून काढून टाकावा. राखीव वनातील झाडाला खिळा ठोकणे, फांदी छाटणे किंवा त्यावर काही उभारणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आपल्या अंगाशी येणारा प्रकार आहे; शिवाय वनाच्या हद्दीत मचाण दिसले की ते जागलीचे आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पळस बहुधा वाकडा आणि गाठाळ असतो. टांगत्या मचाणाला कमीत कमी सहा-सात फूट सरळ आणि जवळजवळ उभे खोड लागते; खोड ज्या बाजूला कलले असेल त्या बाजूला फळीही कलते आणि रात्रभर बसणारा माणूस पुढे घसरत राहतो. म्हणून पळस नको. आपल्या पत्रात नसली तरी इतर वाचकांसाठी सांगतो की शेवगा, पांगारा, काटेसावर आणि सालई यांचेही लाकूड मऊ किंवा ठिसूळ असल्याने ही झाडे कितीही सरळ दिसली तरी टाळावीत.

उरले मोह आणि कडुनिंब. मोह मजबूत झाड आहे, परंतु जुना मोह आतून पोकळ असण्याचा संभव असतो, म्हणून खोडावर चहूबाजूंनी कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. भरीव खोडाचा आवाज बसका येतो, पोकळ खोड ढोलासारखे घुमते. बुंध्याशी उदईची (वाळवीची) माती चढलेली आहे काय, सालीखालून भुसा गळतो काय, वरच्या फांद्या वाळल्या आहेत काय, आणि फांद्यांत आग्या मोहोळ आहे काय, हेही दिवसाउजेडी पाहून घ्यावे. मोहाला आणखी एक अडचण आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळू लागली की अस्वले रात्री त्याच झाडाखाली येतात, आणि अस्वल झाडावर चढते. आपली जागल धानासाठी असेल तर ती त्याआधीच संपते, तेव्हा हरकत नाही; उन्हाळी पिकासाठी असेल तर मोह सोडून द्यावा. एकंदरीत, कडुनिंबाचे खोड छातीच्या उंचीवर फूटभर किंवा अधिक जाड आणि सरळ असेल, तर मी आपल्याला कडुनिंबच सुचवीन. मचाणासाठी त्याच्या मोठ्या फांद्या तोडण्याची गरज नाही. नजरेआड येणाऱ्या लहान डहाळ्या छाटल्या की पुरते.

खिळ्यांविषयी एक शब्द. खोडात मोठे खिळे ठोकून त्यांच्या पायऱ्या करण्याची रीत जुनी आहे. खिळा गंजतो, त्याभोवतीचे लाकूड कुजते, आणि बाहेरून घट्ट दिसणारी पायरी एके दिवशी वजनासकट बाहेर येते. शिडी वापरावी.

प्रश्न : धान कापणीला येतो तेव्हा माझे पती महिनाभर रात्री बांधीवर जागलीला जातात. त्यांना मचाणावरच झोप लागते. कमरेला दोरी बांधून झोपतात, म्हणून काळजी नाही असे ते म्हणतात. मला मात्र झोप येत नाही. त्यांना काय सांगावे?
— एक गृहिणी, देवरी तालुका, जिल्हा गोंदिया

उत्तर : ताई, आपली काळजी योग्य आहे, आणि हे उत्तर आपण त्यांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

कमरेची दोरी पडणाऱ्या माणसाला वाचवत नाही. माणूस चार फूट जरी पडला, तरी त्या झटक्याचा सारा भार पोटावर आणि कण्यावर येतो. दोरी छातीकडे सरकली तर श्वास कोंडतो, आणि माणूस उलटा झाला तर तो दोरीतून सुटूनही जातो. यासाठी पूर्ण अंगाचा पट्टा वापरतात. तो दोन्ही मांड्या, छाती आणि खांदे यांभोवती बसतो आणि मागून, खांद्यांच्या मध्ये, दोराला जोडलेला असतो, त्यामुळे झटका मांड्यांवर वाटला जातो आणि माणूस उभाच लटकतो. बांधकामावर उंच काम करणारे मजूर हाच पट्टा घालतात. सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या जिल्ह्याच्या दुकानांत तो मिळतो, त्यावर आय.एस. ३५२१ हे भारतीय मानक छापलेले आहे काय ते पाहून घ्यावे. अमेरिकेत मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मानकानुसार प्रत्येक मचाणाच्या खोक्यात असा पट्टा द्यावाच लागतो. आपल्याकडे तो वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि नेमका हाच खर्च टाळला जातो. मचाण चार बांबूंचे असले तरी चालेल, पण पट्टा घ्यावा.

पट्ट्याचा दोर झाडाला किंवा मचाणाच्या मुख्य खांबाला बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर बांधावा, आणि तो इतका आखूड ठेवावा की बसल्यावर फार थोडी ढील राहील. ढील जितकी जास्त, तितका झटका मोठा. पट्ट्यात लटकून राहावे लागले तर मांड्यांचे रक्त अडते आणि थोड्या वेळातच माणसाला ग्लानी येऊ शकते. म्हणून खिशात दोराचा एक फास ठेवावा, जो वरच्या दोराला अडकवून त्यात पाय देऊन उभे राहता येते. मोबाइल आणि शिट्टी पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावी.

याहून महत्त्वाचे असे की माणसे मचाणावर बसलेली असताना जितकी पडतात, त्याहून अधिक चढता-उतरताना पडतात. मी स्वतः तसाच पडलो होतो. तेरा-चौदा वर्षांचा असताना आजोबांसोबत हरभऱ्याच्या जागलीला जात असे. एका पहाटे मला जाग आली, अंगात झोप होती, दव पडून शिडीच्या पायऱ्या ओल्या झाल्या होत्या, आणि मी घोंगडे काखेत धरून एकाच हाताने उतरू लागलो. तिसऱ्या पायरीची काथ्याची दोरी आतून कुजलेली होती. वरून ती धडधाकट दिसत होती. सात-आठ फुटांवरून मी बांधावर पडलो आणि उजवे मनगट मोडले. आजोबांनी त्यानंतर दर हंगामाला साऱ्या दोऱ्या नव्या बांधल्या, आणि जुनी दोरी पुन्हा वापरायची वेळ आली की ते माझ्या मनगटाकडे पाहत.

तेव्हा आपल्या पतींना सांगावे की चढताना-उतरताना दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात असे तीन अवयव सतत शिडीला टेकलेले असावेत, आणि त्यासाठी दोन्ही हात मोकळे असावेत. घोंगडे, डबा, पाण्याची कळशी हे सर्व वर गेल्यावर दोराने ओढून घ्यावे आणि उतरण्याआधी दोरानेच खाली सोडावे. शिडी मचाणाच्या फळीपेक्षा तीन फूट वर गेलेली असावी, म्हणजे फळीवर चढावे लागत नाही, धरून उतरता येते. शक्य असेल तर झाडाच्या वरच्या भागापासून बुंध्यापर्यंत एक जाड दोर कायम बांधून ठेवावा आणि त्यावर बारीक दोराची सरकती गाठ घालून ती पट्ट्याला जोडावी. हाताने सरकवली तर ही गाठ वरखाली होते आणि अचानक भार आला तर जागच्या जागी आवळते. गिर्यारोहक तिला प्रुसिक गाठ म्हणतात. गावातील एखाद्या तरुणाकडून ती शिकून घ्यावी आणि जमिनीलगत चार वेळा लटकून तिची खात्री करावी.

आणि झोपेविषयी. टांगत्या मचाणावर कोणीही झोपू नये. ती बसण्याची जागा आहे. पहाटेपर्यंत जागे राहणे माणसाला शक्य होत नाही हे आपण मान्य करून चालू, आणि म्हणून ज्याला झोप लागते त्याचे मचाण साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद आणि चारही बाजूंनी गुडघ्यापेक्षा उंच कठडा असलेले असावे. बांधीवर जमिनीवर झोपण्यापेक्षा असे मचाण पुष्कळ बरे, कारण मण्यार नावाचा विषारी साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश अनेकदा कळतही नाही.

प्रश्न : आमच्या वावरात हरणे येतातच, मग त्याच मचाणावरून एखादे मारले तर नुकसानही थांबेल. अमेरिकेत चालते, येथे का नाही?
— एक तरुण वाचक, जिल्हा वाशीम

उत्तर : येथे ते चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला मनाई आहे, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत फासे लावणे, आमिष टाकणे आणि यातील कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे मचाणाखाली मीठ टाकून हरणाची वाट पाहत बसणे हाही गुन्हा ठरू शकतो. आपल्या जिल्ह्यातील काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांचा कारावास आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्य हरणांची संख्या पाहून हंगाम ठरवते, परवाने देते आणि किती मारायची तेही ठरवून देते. ती व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे पिकाचे नुकसान झाल्यास वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. सकाळी नुकसान दिसताच मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, ठसे व विष्ठा पुसली जाऊ देऊ नये, आणि पंचनाम्यासाठी त्याच दिवशी कळवावे. आपला राग मी समजू शकतो. एका रात्रीत अर्धा एकर हरभरा गेलेला मीही पाहिला आहे. पण मचाण हे पीक राखण्यासाठी आहे.

प्रश्न : आम्ही खारपाणपट्ट्यातले. धुऱ्यावर बाभळीशिवाय झाड नाही. टांगायचे कशाला? चार खांबांचे मचाण दर वर्षी पावसात कलते, त्यावर उपाय आहे काय?
— एक शेतकरी, दर्यापूर तालुका, जिल्हा अमरावती

उत्तर : आपल्याकडे टांगत्या मचाणाचा प्रश्नच येत नाही. खांब कलण्याचे कारण आपली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. या फुगण्या-आकसण्याने खांब दर वर्षी थोडा थोडा हलतो. म्हणून खड्डा तीन फूट खोल आणि खांबाच्या तिप्पट रुंद घ्यावा, तळाशी एक चपटा दगड ठेवावा, आणि खांबाभोवती काढलेली काळी माती परत न भरता मुरूम व दगडगोटे थराथराने ठोकून भरावेत. चारही बाजूंना कैचीसारखे तिरपे बांबू बांधणे खर्चाचे नाही, पण तेच बहुतेक मचाणांना नसतात. कलणाऱ्या मचाणाचा अर्धा उपाय त्या तिरप्या बांबूंत आहे.

बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला आणि पक्का असावा. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो. मानवेल जातीचा बांबू भरीव असल्याने खांबासाठी उत्तम. जमिनीत जाणारा भाग आणि त्यावरचा फूटभर भाग विस्तवावर किंचित काळा करून त्याला ट्रॅक्टरचे जळके ऑइल दोनदा लावावे, म्हणजे उदई काही वर्षे दूर राहते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बांबू वन अधिनियमाच्या ‘झाड’ या व्याख्येत राहिलेला नाही, त्यामुळे स्वतःच्या वावरातील बांबू वापरायला पूर्वीसारखी अडचण नाही. धुऱ्यावरचा साग तोडायचा असेल तर मात्र आधी परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस येतो. वीज चमकू लागली तर मचाणावर थांबावे की उतरावे?
— एक वाचक, समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : गडगडाट ऐकू येण्याआधीच उतरावे. मोकळ्या वावरातील एकटे झाड आणि त्याला आवळलेले लोखंड ही वीज पडण्याची अगदी संभाव्य जागा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देते; जागलीला जाण्यापूर्वी ते पाहावे आणि सूचना असेल तर त्या रात्री जाऊच नये. वाटेत अडकल्यास झाडाखाली उभे राहू नये; पक्के घर किंवा बंद गाडी जवळ असेल तर तेथे जावे.

प्रश्न : हंगाम संपल्यावर टांगते मचाण झाडावरच ठेवले तर चालते काय? दर वर्षी काढणे-लावणे जिवावर येते.
— एक वाचक, उमरेड तालुका, जिल्हा नागपूर

उत्तर : काढावे. झाड वाढते आणि आवळलेला पट्टा वाढत नाही. वर्षभरात खोड जाड होऊन पट्ट्यावर असा ताण येतो की पुढच्या हंगामात पहिल्याच वजनाला तो तुटू शकतो. त्यात मे महिन्याचे ऊन पट्टा जाळते आणि खारी व उंदीर त्याचे धागे कुरतडतात. तूर मळून झाली की मचाण उतरवावे, पट्टे धुऊन सावलीत वाळवावेत आणि धान्याच्या कोठीपासून दूर, डब्यात बंद करून ठेवावेत. पट्ट्यावर घेतल्याची तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी बांधण्यापूर्वी पट्टा हातात घेऊन वाकवून पाहावा. त्याचा रंग उडाला असेल, कडेचे धागे सुटले असतील किंवा तो पुठ्ठ्यासारखा ताठ झाला असेल, तर तो बंडीवर कडबा बांधायला वापरावा आणि मचाणासाठी नवा आणावा. अनेक उत्पादक पट्टा दोन वर्षांनी बदलायला सांगतात. विदर्भाच्या उन्हात मी त्याहून जास्त काळ वापरलेला नाही.